करमणुकीच्या धंद्यांवर सरकारी बंधने कुठवर असावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बाणेरला राहता. सोसायटीला लागून असलेल्या इमारतीच्या गच्चीवर एक हॉटेल सुरू झाले आहे आणि तिथल्या गाण्यांमुळे रात्री साडेबारापर्यंत घरातल्या कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरीकडे, आपल्या कन्येला भागीदारीत मुलांसाठी गेम झोन काढायचा आहे आणि दाखल्यांपायी ती मेटाकुटीला आली आहे. सकाळी 'सरकार काही करत नाही' आणि संध्याकाळी 'सरकार काही करू देत नाही' अशी दोन्ही वाक्ये एकाच घरात ऐकू येत असल्यामुळे, करमणुकीच्या धंद्यात सरकारने कुठवर हात घालावा आणि परवान्यांच्या या जंजाळात लोकहित नेमके कुठे असते, असे आपण विचारले आहे.

मी 22 वर्षे करमणूक कर निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुण्यात परवान्यांविषयी सल्ला देतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले आहे. माझे मत आधीच सांगतो. जी गोष्ट तिकीट काढणाऱ्याला स्वतः तपासता येत नाही आणि जिची झळ तिकीट न काढणाऱ्यालाही बसते, तिथे सरकारने अतिशय कडक असावे. लोकांनी काय पाहावे, कशाला हसावे आणि मध्यंतरात मक्याच्या लाह्यांना किती पैसे मोजावेत, यात सरकारने पडू नये. आपल्याकडे गेली शंभर वर्षे पुष्कळसे याच्या उलट चालत आले आहे, आणि ते का, हे समजल्याशिवाय आपल्या दोन्ही तक्रारींचा उलगडा होणार नाही.

सुरुवात खरे तर योग्य जागी झाली होती. आपल्याकडचा पहिला सिनेमाविषयक कायदा 1918 सालचा. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून प्रक्षेपणाची खोली कशी असावी आणि प्रेक्षकांना बाहेर पडायला वाट कशी असावी, ही काळजी त्या कायद्याच्या पोटात होती. ही भीती पोकळ नव्हती. 2003 सालच्या जानेवारीत पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा कितीतरी ठेवा काही तासांत गेला. मात्र 1918 च्याच कायद्यात चित्रपटांच्या तपासणीचीही सोय होती, आणि पाठोपाठ 1923 मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा आला. दार, नीती आणि तिजोरी अशा तीन गोष्टींची राखण एकाच वेळी सुरू झाली, आणि त्यातली तिजोरी भरते की नाही हेच तेवढे आकड्यांत मोजता येत असल्यामुळे सरकारी यंत्रणेचे लक्ष हळूहळू तिच्याकडेच लागले.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या सातव्या अनुसूचीत नाट्यगृहे, खेळ आणि करमणूक हे विषय राज्यांकडे आले, जुगार आणि दारूही राज्यांकडेच आली, आणि चित्रपटाला प्रमाणपत्र देणे केंद्राकडे राहिले. महाराष्ट्रात 1951 च्या पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे परवाने दिले जातात. चित्रगृहांसाठी 1953 चा स्वतंत्र कायदा आहे. नाटकाची संहिता प्रयोगाआधी आजही तपासणीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. कागदोपत्री पाहिले तर बंधनांची कमतरता अजिबात नाही. प्रत्यक्षात काय होत असे, ते एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो.

1994 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आता बंद पडलेल्या एका चित्रगृहात मी रात्रीच्या खेळाला अचानक तपासणीस गेलो होतो. आमची पद्धत ठरलेली असे. खेळ सुरू होऊन पाऊण तास झाला की बॅटरी घेऊन आत शिरायचे, स्टॉल आणि बाल्कनीतली डोकी मोजायची, दोन-चार जणांकडून तिकिटाचे अर्धे तुकडे मागून त्यांचे अनुक्रमांक पाहायचे आणि मग बुकिंगच्या खिडकीवर जाऊन विक्रीच्या तक्त्याशी मेळ घालायचा. महापालिका हद्दीत तेव्हा तिकिटाच्या मूळ किमतीवर शुल्काचा बोजा जबर असे, त्यामुळे एकेका डोक्याला किंमत होती. त्या रात्री बाल्कनीत तीन डोकी जास्त भरली. चौथी ओळ पुन्हा मोजावी म्हणून मी डाव्या भिंतीकडे सरकलो, तर बाहेर पडायच्या दाराच्या दोन्ही कड्यांतून सायकलची साखळी ओवलेली आणि तिला कुलूप. वर लाल अक्षरांतला 'बाहेर' हा दिवा मात्र व्यवस्थित चालू होता. किल्ली डोअरकीपरकडे होती आणि डोअरकीपर समोरच्या टपरीवर चहाला गेला होता.

मी व्यवस्थापकाला विचारले. तो ओशाळला नाही, उलट मलाच समजावू लागला. "साहेब, या दारानं फुकटे शिरतात. उद्या तुम्हीच डोकी मोजून माझ्या नावावर शुल्क लावणार." त्याचे म्हणणे तर्काला धरून होते, आणि आजही तेच मला अस्वस्थ करते. ती साखळी माझ्या कराच्या राखणीसाठी लावलेली होती. मी तीन तिकिटांच्या तफावतीचा पंचनामा केला, त्याची वसुली आठवड्याभरात झाली. दाराविषयी मी वेगळा कागद लिहिला होता. त्यावर चार महिन्यांनी एका कार्यालयातून उत्तर आले की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दरम्यान मी त्या चित्रगृहात आणखी दोनदा जाऊन डोकी मोजून आलो होतो आणि साखळी दोन्ही वेळा जागेवर होती.

तीन वर्षांनी, 13 जून 1997 रोजी, दिल्लीच्या उपहार चित्रगृहात 59 माणसे गेली. बहुतेक जण बाल्कनीत धुराने गुदमरले. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून आग पसरली, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीची हकीकत मात्र कमी लोकांना माहीत असते. 1976 मध्ये तिकिटाचे दर कमी ठेवावेत म्हणून दिल्ली प्रशासनाने चित्रगृहांना जादा खुर्च्या बसवण्याची सवलत दिली होती. उपहारला अशा 100 खुर्च्या मिळाल्या, त्यांतल्या 43 बाल्कनीत होत्या. पुढे सवलत मागे घेण्यात आली, तरी सगळ्या खुर्च्या उठल्या नाहीत. बाल्कनीतली एक वाट त्यांच्यामुळे बुजली आणि एक दार मालकांच्या खासगी बॉक्समुळे आधीच अडलेले होते. लोकांना सिनेमा स्वस्तात दिसावा, हा हेतू चांगलाच होता. पण तिकिटाचा दर प्रेक्षकाला खिडकीवर दिसतो आणि महाग वाटला तर तो घरी परत जाऊ शकतो. बुजलेली वाट त्याला दिसत नाही. जे दिसते ते स्वस्त करण्यासाठी सरकारने न दिसणारे विकून टाकले, असा तो सौदा होता.

म्हणूनच मल्टिप्लेक्समधल्या खाद्यपदार्थांच्या दरांवरून 2018 मध्ये पुण्यातही आंदोलन झाले, तेव्हा त्याबद्दल मला फारशी आस्था वाटली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये याच स्वरूपाच्या प्रकरणात बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा मालकांचा हक्क मान्य केला आणि पिण्याचे पाणी मात्र मोफत मिळाले पाहिजे, असे सांगितले. ही रेघ मला बरोबर वाटते. पाणी ही गरज आहे, लाह्या ही हौस आहे.

आता नीतीच्या राखणीकडे येतो, कारण त्यात राज्याचे डोके सर्वांत जास्त खर्ची पडले आहे. डान्स बारचे प्रकरण आपल्या आठवणीत असेलच. 2005 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्याने बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना तीतून वगळले. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. 2014 मध्ये पुन्हा बंदी आली, 2016 मध्ये स्वतंत्र कायदा आला आणि 17 जानेवारी 2019 रोजी त्यातल्या अनेक अटी न्यायालयात टिकल्या नाहीत. शाळा-मंदिरांपासून 1 किलोमीटरचे अंतर, नाचाच्या जागेत कॅमेरे, मद्य देण्याची जागा आणि नाचाची जागा यांच्यामध्ये भिंत, हे सारे गेले. संध्याकाळी 6 ते रात्री साडेअकराची वेळ राहिली आणि पैसे उधळण्याची मनाई राहिली. तोच नाच महागड्या हॉटेलात सभ्य आणि स्वस्त बारमध्ये असभ्य कसा ठरतो, याचे उत्तर सरकारकडे पहिल्या दिवसापासून नव्हते. या 14 वर्षांच्या लढाईत तिथे काम करणाऱ्या बायकांचा पगार, रात्री घरी जाण्याची सोय, कपडे बदलायची सुरक्षित खोली, यांविषयी जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. तपासता येण्याजोगे लोकहित खरे तर तिथे होते.

बंदी आणि नियमन यांतला फरक पाहायचा असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात जावे. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यती 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या. थांबल्या म्हणजे कागदावर थांबल्या. या पट्ट्यातला कोणीही सांगेल की चोरून पहाटे गाडे पळतच होते, फक्त तिथे ना पशुवैद्य असे, ना रुग्णवाहिका, ना घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला बांधलेले कठडे. 16 डिसेंबर 2021 रोजी नियमांच्या अधीन राहून शर्यतींना वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याची कायदेदुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते, धाव 1000 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सगळीकडे सगळे नियम पाळले जातात, असा माझा दावा नाही. पण नियम मोडला तर कोणाला विचारायचे, हे आता ठरलेले आहे. गाडामालकाचे नाव अर्जावर असते, आणि चोरीच्या शर्यतीत तेच नसे.

दारूच्या बाबतीत माझे मत याहून कडक आहे, कारण तिथे झळ रस्त्यावरच्या माणसाला बसते. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे आहे. पुण्यातल्या कोणत्याही शनिवारी रात्री कोरेगाव पार्क ते बालेवाडी फिरून आलात, तर पंचविशीच्या अटीचे काय होते ते दिसेल. ती अट इतकी अव्यवहार्य आहे की कोणीच ती मनावर घेत नाही, आणि एक अट हसण्यावारी नेण्याची सवय लागली की खालची, खरी महत्त्वाची अटही सैल होते. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या रात्री त्या मुलाला मद्य कोठे मिळाले, हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्यानंतर शहरात धडाधड तपासण्या झाल्या, परवाने निलंबित झाले, अनधिकृत बांधकामे पाडली गेली. त्यांत सापडलेल्या त्रुटी काही 19 मे रोजी जन्माला आलेल्या नव्हत्या. मला विचाराल तर अट 21 ची एकच असावी, आणि दाराशी ओळखपत्र न पाहता आत सोडल्यास दंडाऐवजी परवाना ठरावीक शनिवार-रविवारांसाठी बंद व्हावा. दंड हा धंद्याच्या खर्चात बसतो. सलग चार शनिवार बसत नाहीत.

जुगाराविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात राज्याची भूमिका मला कधीच नीट उमगली नाही. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये म्हटले. घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या म्हणून 1996 मध्ये त्यातून सुटल्या, त्यामुळे पुण्याचा पावसाळी हंगाम निर्वेध चालतो. मटका बंद, पण लॉटरी 1969 पासून राज्य स्वतःच चालवते. 1976 मध्ये विधिमंडळाने कॅसिनोचा कायदा करून ठेवला, 47 वर्षे तो अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर घेतला गेला आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या कायद्याने त्या खेळांवरच बंदी आली. बंदीचे कारण व्यसन आणि कर्जबाजारीपणा हे होते, आणि ते मला पटते. स्वतःला थांबवू न शकणाऱ्या माणसासाठी दुसऱ्या कोणीतरी थांबा म्हणावे लागते. पण हे आधीची दोन वर्षे कर मोजतानाही ठाऊक होतेच.

आता आपल्या गच्चीकडे येऊ. इथे कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त आपल्या बाजूचा आहे, फक्त तक्रार चुकीच्या मुद्द्यावर केली जाते. लोक मोबाइलवर आवाज मोजतात आणि 'इतके डेसिबल होते' असे लिहितात. मग समोरचा म्हणतो, तुमचे यंत्र प्रमाणित नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, ते खरेच. पण रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यालाच मनाई आहे, आणि सूट आहे ती आतल्या आत आवाज राहील अशा बंदिस्त सभागृहांना. उघडी गच्ची ही बंदिस्त जागा होत नाही. म्हणून आपल्या अर्जात आवाज किती होता यापेक्षा, अमुक तारखेला रात्री 10 नंतर, अमुक वाजता, उघड्या गच्चीवर ध्वनिक्षेपक चालू होता, एवढेच लिहा. 112 वर फोन करून तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा, असे चार-पाच क्रमांक झाले की ते जोडून पोलीस ठाण्यात आणि परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी द्या. त्याबरोबर माहितीच्या अधिकारात त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागवा आणि मद्यपरवान्यात मंजूर झालेल्या जागेचा नकाशाही मागवा. हॉटेल तळमजल्यावर मंजूर आणि ग्लास गच्चीवर, हे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. असे निघाले तर आवाजाचा वाद उरतच नाही.

हाच दहाचा नियम दुसरीकडे कसा चालतो, तेही सांगितले पाहिजे. सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला आणि रमणबागेच्या मैदानावर तो पहाटेपर्यंत चालत असे, हे माझ्या वयाच्या पुणेकराला सांगावे लागत नाही. शालींमध्ये गुरफटून, थर्मासमधला चहा पीत, मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळेला ऐकणारी एक पिढी होती. नियमाने तो रात्रीचा प्रहर काढून घेतला. नारायणगावच्या राहुट्यांमधून सुपारी घेऊन गावोगाव जाणाऱ्या तमाशाच्या फडांचे तर त्याहून अवघड झाले, कारण गावातली मंडळी जेवणखाण उरकून येतात तेव्हाच नऊ-साडेनऊ झालेले असतात आणि गण-गवळण आटोपेपर्यंत ध्वनिक्षेपकाची वेळ संपते. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण पुण्यात त्यांतले बरेचसे गणेशोत्सवातच जातात. झोपेचे रक्षण ही लोकहिताची खरी बाब आहे, त्यात वाद नाही. तरीही दिवस संबंध जिल्ह्यासाठी एकत्र मोजण्याऐवजी जागेनुसार मोजता येतील. वस्तीपासून दूर असलेल्या जत्रेच्या माळाला आणि बाणेरच्या गच्चीला एकच मोजपट्टी लावली की माळावरचा फड बंद पडतो आणि गच्चीवरचा हॉटेलवाला मात्र वाट काढतो.

आपल्या कन्येच्या गेम झोनविषयी मी जास्त सविस्तर लिहितो, कारण तिथे गिऱ्हाईक आठ वर्षांचे असणार आहे. 25 मे 2024 रोजी, उन्हाळी सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसे जळून गेली आणि त्यांत मुले होती. पत्र्याचा दुमजली सांगाडा, 99 रुपयांच्या सवलतीची गर्दी, आत चालू असलेले वेल्डिंग, आणि बाहेर पडायला अपुरी वाट. तिथे पोलिसांचा परवाना होता. अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला नव्हता. हे वाचल्यावर, इतके दाखले कशाला, असे म्हणवत नाही. पण दाखले खूप असूनही ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे खरे दुखणे आहे. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरता कागद पाहते आणि बाकीचे दुसऱ्याने पाहिले असेल असे धरून चालते. मुंबईत 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांत 14 जण गेले, तेव्हाही हेच उघडे पडले. एक खिडकी योजना अर्जासाठी चांगली आहे, पण तपासणी खिडकीत बसून होत नाही. इमारत, आग आणि वीज या तिघांची माणसे एकाच दिवशी, एकाच जागी आणि गर्दीच्या वेळी उभी राहिली पाहिजेत. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक तपासण्या मंगळवारी सकाळी 11 वाजता, रिकाम्या जागेच्या झाल्या. रिकाम्या जागेत प्रत्येक वाट पुरेशी रुंद दिसते.

त्यात आणखी एक भर पडली. 1 जुलै 2017 पासून राज्याचे करमणूक शुल्क वस्तू व सेवा करात गेले आणि आमचे काम संपले. मला त्याचे दुःख नाही, डोकी मोजणे हे काही उदात्त काम नव्हते. पण रात्रीच्या खेळाला बॅटरी घेऊन आत शिरणारा सरकारी माणूस त्याबरोबर गेला. साखळी त्याच्या अखत्यारीत नसेल, निदान ती त्याला दिसत तरी होती. आज कर संगणकावरून येतो आणि संगणकाला दार दिसत नाही.

कन्येला माझा पहिला सल्ला हा की, जागेचा भाडेकरार सर्वांत शेवटी करा. लोक आधी अनामत भरतात, सजावटीवर पैसे ओततात आणि मग दाखल्यांसाठी धावतात, तेव्हा त्यांच्या पायात स्वतःच्याच गुंतवणुकीची बेडी असते आणि कुठल्याही तडजोडीला ते तयार होतात. आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र पाहा. जागा मूळची पार्किंगची, गच्चीची किंवा गोदामाची निघाली तर भाडे कितीही कमी असो, परत फिरा. एकमेकांपासून लांब अशी बाहेर पडायची दोन दारे आहेत का आणि ती बाहेरच्या दिशेने उघडतात का, ते पाहा. बॉल पूलमधला फोम, ट्रॅम्पोलिनच्या गाद्या, भिंतींवरचे थर्माकोलचे किल्ले, हे सगळे जळताना काळा, विषारी धूर सोडतात, म्हणून कंत्राटदाराला सामानाच्या अग्निरोधकतेचा दाखला मागा आणि तो नाही म्हणाला तर कंत्राटदार बदला. मंजूर वीजभार आणि आत लागणारी यंत्रे यांचा हिशेब उघडण्याच्या आधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या. पालकांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा कागद सहीने घेण्याची पद्धत पडली आहे. तो जरूर घ्या, पण निष्काळजीपणाची जबाबदारी त्या कागदाने टळत नाही, हे भागीदारांना समजावून सांगा. किती मुले एका वेळी आत असतील, तो आकडा दारावर मोठ्या अक्षरांत लावा. वाढदिवसाच्या पार्टीचे चाळीसजण दाराशी उभे असताना हा फलकच तुमच्या कर्मचाऱ्यांना 'नाही' म्हणायला बळ देतो.

अग्निसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे, बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'फॉर्म बी' हे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. हे काम जागेवर न येता, कागदावर सही करून देणारेही भेटतील आणि ते स्वस्त असतील. तपासणाऱ्याने पंप प्रत्यक्ष चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री एक चाचणी घ्या. सगळे कर्मचारी आणि ओळखीची पाच-सहा मुले, त्यांच्या पालकांसह, आत घ्या, संगीत चालू ठेवा आणि कोणाला न सांगता मुख्य स्विच बंद करा. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत घड्याळ पाहा. त्या वेळात कोणत्याही दाराची किल्ली कोणाकडे आहे असे एकदा जरी विचारावे लागले, तर पत्रिका छापून झाल्या असल्या तरी तारीख पुढे ढकला.